टेक्नो मूळचे कुठले?

टेक्नो नावाचे संगीत मुंबईत जन्मले, असे आमच्या अकोल्याच्या भाच्याचे ठाम मत आहे. ते अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात जन्मले, असे आमच्या अमरावतीच्या पुतण्याचे त्याहून ठाम मत आहे. भाचा लग्नांमध्ये डीजे वाजवतो. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे आणि रात्री कानांत इअरफोन घालूनच झोपतो. आमचे खानदान अर्धे अमरावतीत, अर्धे अकोल्यात. मध्ये शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, बडनेरा आणि मूर्तिजापूर. लग्नात, अकीक्यात, चाळिसाव्यात दोन्ही घरे एकत्र आली की पूर्वी वाद व्हायचे ते दालच्यात आंबट किती असावे यावर, नाहीतर अकोल्याच्या उन्हावर. गेल्या काही वर्षांत त्यांची जागा टेक्नोने घेतली. बिनाका गीतमाला आणि अमीन सायानी यांच्यापाशी आमचे संगीताचे ज्ञान थांबलेले. आम्ही आधी हसलो. मग बसून ऐकू लागलो. मग लक्षात आले की पोरे जे भांडताहेत ते नुसते गाण्याबद्दलचे नाही.

ज्यांनी टेक्नो ऐकलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की त्यात मुखडा नसतो, अंतरा नसतो, बहुतेक वेळा शब्दही नसतात. यंत्राचा ढोल सारख्या अंतराने ठोके देत राहतो, मिनिटाला एकशेवीस, एकशेतीस, कधी त्याहून जास्त. खाली यंत्राचाच खर्ज घुमत असतो आणि एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येत, हळूहळू रंग बदलत जातो. आपल्याकडे वरातीत जे वाजते ते टेक्नो नव्हे, ते सिनेमाचे गाणे असते. पण त्या गाण्याखाली डीजेवाला जो ठोका घालतो, तो या घराण्याचा दूरचा नातेवाईक आहे. छातीत धडधडते ते त्यानेच.

आता भाच्याचा पुरावा. १९८२ साली मुंबईत एचएमव्हीने एक एलपी रेकॉर्ड काढली. वाजवणारे चरणजित सिंग. हे सरदारजी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले जुने वादक, गिटारपासून सिंथेसायझरपर्यंत सगळ्यावर हात चालणारे. लग्नसमारंभांत स्वतःचा ऑर्केस्ट्राही वाजवायचे. त्या काळी मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याचे ख्रिश्चन, पारशी, शीख, मुसलमान असे शेकडो वादक राबत आणि रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावर त्यांची नावे नसत. या रेकॉर्डवर मात्र वादकाचेच नाव होते. कल्पना साधी होती. दहा राग घ्यायचे, भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी, आणि ते डिस्कोच्या ठोक्यावर वाजवायचे. तबला नाही, सारंगी नाही. तीन यंत्रे, तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची. ढोलासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि वरच्या रागासाठी ज्युपिटर-८.

डिस्कोच का, हे आमच्या वयाच्या माणसाला सांगायला नको. १९८० साली फिरोज खानचा 'कुर्बानी' आला. त्यातले ते एक गाणे कराचीत जन्मलेल्या पंधरा वर्षांच्या नाझिया हसनने लंडनमध्ये गायले होते आणि त्याला चाल बंगळूरच्या बिड्डूने दिली होती. पुढच्या वर्षी दोघांची 'डिस्को दीवाने' आली आणि १९८२ च्या अखेरीला 'डिस्को डान्सर'. ज्या घरांत रेडिओवर नात लागली की आवाज वाढवायचा आणि गाणे लागले की कमी करायचा असा दंडक होता, त्या घरांतही नाझियाची कॅसेट सापडायची. कराचीची मुलगी, बंगळूरचा संगीतकार, लंडनचा स्टुडिओ आणि नाचतो कोण, तर अकोल्याच्या जुन्या शहरातला गॅरेजवाला. त्या हवेत चरणजित सिंगांनी विचार केला की डिस्को चालते आहे, तर रागांवर का चालवू नये?

चालली नाही. रेकॉर्ड विस्मरणात गेली. वीस वर्षांनी, २००२ साली, एडो बाऊमन नावाच्या एका डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत मिळाली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली. तेव्हा युरोपातले जाणकार चक्रावले, कारण रेकॉर्डचा आवाज थेट 'अॅसिड हाऊस' या प्रकाराचा होता. आणि अॅसिड हाऊसचा जन्म सगळे जण शिकागोत, फ्यूचर नावाच्या तिघांच्या टोळीने १९८७ मध्ये काढलेल्या रेकॉर्डपासून धरत. मुंबईतली रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षे आधीची! काहींना तर ही कुणीतरी आता बनवून जुनी म्हणून खपवलेली थट्टाच वाटली. चरणजित सिंगांना मात्र अॅसिड हाऊस म्हणजे काय हे ठाऊकही नव्हते. सत्तरीत त्यांना युरोपातून बोलावणी आली, त्यांनी तिकडे कार्यक्रम केले आणि जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते वारले.

"मामू, लिख के लो, ये अपने बम्बई का है," हे भाच्याचे पालुपद.

पुतण्या म्हणतो, तारखा बघा. आणि तारखांच्या बाबतीत तो खरा आहे. एक तर अॅसिड हाऊस आणि टेक्नो हे चुलतभाऊ, एक नव्हेत. पहिले शिकागोचे, दुसरे डेट्रॉईटचे. दुसरे म्हणजे डेट्रॉईटमध्ये हुआन अॅटकिन्स आणि रिक डेव्हिस यांनी 'सायबोट्रॉन' या नावाने पहिली रेकॉर्ड काढली ती १९८१ मध्ये, म्हणजे मुंबईच्या आधी. अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉंडरसन हे तिघे डेट्रॉईटजवळच्या बेलव्हिल या गावी एका शाळेत शिकले. तिघेही काळे. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचे शहर. कारखान्यांत माणसांच्या जागी यंत्रे येत होती, कारखाने हलत होते, बंद पडत होते, शहर ओस पडत चालले होते. रात्री रेडिओवर 'मोजो' नावाचा एक निवेदक एकामागून एक काहीही लावायचा. काळ्या अमेरिकेचे फंक लावायचा आणि त्याला लागून जर्मनीच्या 'क्राफ्टवेर्क'चे थंडगार यंत्रसंगीत. ही पोरे ते ऐकत मोठी झाली. डेरिक मेने पुढे गमतीने सांगितले होते की आमचे संगीत म्हणजे फंकचा बादशहा जॉर्ज क्लिंटन आणि क्राफ्टवेर्क एका लिफ्टमध्ये अडकून पडल्यासारखे आहे. १९८८ मध्ये लंडनच्या एका कंपनीने त्यांच्या गाण्यांचा संच काढला, त्याच्या शीर्षकात 'टेक्नो' हा शब्द आला आणि नाव जगभर गेले.

तरी नावाचा वाद मिटत नाहीच. जपानच्या 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा'चे 'टेक्नोपोलिस' १९७९ चे. फ्रँकफर्टवाले म्हणतात की आमच्याकडे दुकानात या नावाचा वेगळा खण होता आणि १९८४ पासून 'टेक्नोक्लब' चालतो. भिंत पडल्यावर बर्लिनच्या रिकाम्या तळघरांत आणि गोदामांत हे संगीत असे काही रुजले की आज टेक्नो म्हटले की लोकांना बर्लिनच आठवते. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. त्या आधी २०२२ मध्ये फ्रँकफर्टला अशा संगीताचे संग्रहालय उघडले, तेव्हा डेट्रॉईटच्या काळ्या कलावंतांना बाजूला सारले म्हणून टीका झाली होती. पुतण्याला हे सगळे तोंडपाठ आहे. "जिनका था, चाचा, उनका नाम तो रहना चाहिए," असे तो म्हणतो आणि त्याचा आवाज थोडा चढतो.

तो का चढतो हे आम्हाला एका जेवणानंतर समजले. पुतण्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात खोली शोधत होता. घरमालकाने नाव ऐकले आणि विचारले, मूळचे कुठले? अमरावतीचे. तसे नाही, मूळचे? अचलपूरचे. त्याच्या आधी? पोराला त्याच्या आधीचे काही माहीत नव्हते. आम्हालाही नाही. पणजोबा अचलपुरात कापसाच्या गाठी बांधायच्या कामावर होते, एवढे माहीत आहे. खोली मिळाली नाही. तुम्ही मराठी किती छान बोलता, हे मात्र त्या घरमालकाने जाता जाता सांगितले. या अंकाच्या वाचकांना ही वाक्ये नवीन नाहीत. आम्ही पुतण्याला इतिहास सांगून समजावू पाहिले. ज्या अचलपूरच्या इमादशाहीने वऱ्हाडावर राज्य केले, तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरकडच्या हिंदू घरातला, असे फिरिश्ता लिहितो. म्हणजे आपला बादशहासुद्धा 'मूळचे कुठले' या परीक्षेत दोनदा नापास झाला असता, एकदा इकडून आणि एकदा तिकडून. पोरगा हसला नाही.

भाच्याचे कारण वेगळे. त्याने कर्ज काढून गाडी, स्पीकर, जनरेटर घेतले. मोहल्ल्यात बुजुर्गांनी ठरवले की वरातीत डीजे वाजला तर निकाह पढवायला कुणी येणार नाही. संगीत हलाल की हराम हा वाद आमच्या घरात फार जुना आहे, दस्तरखान पसरण्याच्या आधी सुरू होतो आणि सालन आले की थांबतो. त्यात इथे शिरत नाही. पण बैठकीत जो शब्द वापरला गेला तो होता 'बाहर की गंदगी'. भाच्याला तो लागला. चरणजित सिंगांची रेकॉर्ड त्याला सापडली ती त्यानंतर. हे बाहेरचे नाही, मुंबईचे आहे, त्यात भैरवी आहे, यमन आहे, हे त्याला बुजुर्गांपुढे ठेवायचे आहे. दुसरीकडे पोलीस. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, रात्री दहानंतर बंद. भाच्याचे स्पीकर ५५ ला सुरूच होत नाहीत. नियमाच्या बाबतीत आम्ही पोलिसांच्या बाजूचे आहोत. आमच्या घरात रक्तदाबाचे पेशंट आहेत आणि ते वरातीच्या रस्त्यावर राहतात.

तर असे हे दोघे. एकाला मूळ सांगून आत यायचे आहे, दुसऱ्याला मूळ विचारणाराच नको आहे, पण ज्याचे मूळ बुडवले गेले त्याचे नाव हवे आहे. यावर आमच्याकडे तोडगा नव्हता. तोडगा नव्हे, पण एक वेगळीच बाजू दाखवली ती खालूंनी.

आमचे खालू अकोल्याच्या जुन्या शहरात राहतात. तरुणपणी कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचे, नंतर लग्नाच्या आणि संदलच्या बेंजो पार्टीत. गिऱ्हाईक सगळ्या जातींचे, म्हणून खालूंची बोली पक्की वऱ्हाडी. घरात उर्दू आणि हिशोब मराठीत. भाच्याने त्यांना ती रेकॉर्ड ऐकवली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि तिघे-चौघे आम्ही गच्चीवर होतो. पहिली दोन मिनिटे खालू काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे हा तं ललित हाय. सकायचा राग रात्री अकराले काहून लावला?"

आम्ही चकित झालो. डिस्कोच्या धडाक्यातून खालूंनी ललितचे दोन्ही मध्यम ओळखले होते. उस्तादांकडे कव्वालीच्या निमित्ताने राग शिकले होते, ते पन्नास वर्षांनी कामी आले. मग ते एकदम पुढे वाकले आणि म्हणाले, "हे मशीन मींड घेते रे!"

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण सगळ्या वादाची किल्ली आमच्या मते या एका वाक्यात आहे. बेंजोला टाइपरायटरसारखी बटणे असतात. बटण दाबले की तार एका ठिकाणी दबते, एक सूर निघतो. दुसरे दाबले की दुसरा. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, म्हणजे मींड, बेंजोवर निघत नाही. पेटीवरही निघत नाही. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ पेटीला बंदी घातली होती, तिच्यामागे हीच तक्रार होती की पट्ट्यांचे वाद्य रागाचे सूर आणि मींड देऊ शकत नाही. खालूंचे सारे आयुष्य मींड नसलेल्या वाद्यावर गेले. आणि रोलंडच्या यंत्रांत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती. ज्युपिटरमध्ये होती आणि त्या छोट्याशा ३०३ मध्येही, सोळा खणांत सूर भरायचे आणि ज्या खणावर हवे तिथे घसरगुंडी लावायची. चरणजित सिंगांना ती सोय कशासाठी हवी होती हे खालूंना सांगावे लागले नाही. रागाला मींड हवीच.

आता शिकागोकडे पाहा. टीबी-३०३ बनवले होते एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्यांसाठी. खर्जाची साथ हे यंत्र देईल आणि बास वाजवणारा माणूस लागणार नाही, असा हिशोब. पण आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता आणि सूर भरणे भयंकर किचकट. यंत्र पडले. सुमारे दहा हजार बनवून १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केले. पडलेले यंत्र जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले, म्हणूनच शिकागोच्या खिसा रिकामा असलेल्या काळ्या पोरांच्या हातात आले. त्यांना ते नीट वाजवता येत नव्हते, सूचनांची पुस्तिका नव्हती. ते चालू असताना त्यांनी त्याचे कान पिळायला सुरुवात केली, बटणे फिरवत गेले आणि ते चिवचिवते, कण्हते, वळवळते सूर निघाले. क्लबात पहिल्यांदा वाजले तेव्हा लोक नाचायचे थांबले, त्याच रात्री चौथ्यांदा वाजले तेव्हा वेडे झाले, असे सांगतात.

म्हणजे मुंबईचा सरदारजी आणि शिकागोची पोरे यांनी एकमेकांना कधी ऐकले नव्हते. एकाला मींड हवी होती, दुसऱ्यांना नेमके काय हवे ते त्यांनाही माहीत नव्हते. यंत्र एक, म्हणून आवाज एक. साम्य होते ते ओसाकाच्या कारखान्यातून आलेले. भाच्याला आम्ही हेच सांगितले की तुझी रेकॉर्ड आधीची आहे, हे शिकागोपुरते खरे. पण आधीचा असणे वेगळे आणि बाप असणे वेगळे. मुंबईच्या त्या रेकॉर्डने कुणाला जन्म दिला नाही, तिला कुणी ऐकलेच नाही. शिकागो-डेट्रॉईटच्या पोरांना ऐकून लंडन, बर्लिन उभे राहिले. वंश त्यांचा चालला. भाचा म्हणाला, "मतलब लावारिस?" शब्द कडक होता, पण उत्तर देता आले नाही. २०१० नंतर ती रेकॉर्ड ऐकून वाजवू लागलेली पोरे आहेत, हा भाचाच त्यांतला एक. त्याला वंश म्हणायचे तर म्हणावे.

बेंजोचे मूळ खालूंनाच माहीत नव्हते. ते पुतण्याने शोधून काढले. हे वाद्य जपानचे. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरची बटणे पाहून तयार केले, तेव्हा जपानात ताइशो नावाचे राजपर्व सुरू झाले होते म्हणून नाव पडले ताइशोगोतो. बोटीतून ते हिंदुस्थानात आले, इथे कुणी त्याला बुलबुलतरंग म्हटले, कुणी बेंजो. खालूंचा विश्वास बसेना. "म्या चाळीस वर्सं जपानी बाजा वाजोला?" ते विचारत राहिले. कव्वाली म्हणजे अस्सल, डीजे म्हणजे बाहेरचे, असे म्हणणाऱ्या बुजुर्गांच्या लाडक्या कव्वालीतला बेंजो नागोयाचा आणि पेटी पॅरिसची, १८४२ च्या पेटंटची. ऑर्केस्ट्रावाल्यांचा ऑक्टोपॅड तर थेट रोलंडचा, ३०३ चा धाकटा भाऊ.

आणि हे फक्त दुसऱ्यांना सांगायचे असे नाही. आमच्यातही हा रोग आहे. सितार कुणी बनवली? अमीर खुसरोंनी. तबला? अमीर खुसरोंनी. कव्वाली, तराणा, खयाल, सगळे अमीर खुसरोंनी. चौथीतल्या पोरालाही हे पाठ असते. खुसरो १३२५ मध्ये वारले आणि सितारचा धागा अभ्यासकांना सापडतो तो अठराव्या शतकातल्या दिल्लीत, खुसरो खान नावाच्या वेगळ्याच माणसापाशी. नावसाधर्म्याने सगळे पुण्य एका दरबारी कवीच्या खाती जमा झाले. आमच्या एका परिचित उर्दू शिक्षकांना हे सांगितले तर त्यांनी दोन दिवस बोलणे टाकले. याउलट मिरजेला जा. तिथले सितार-तंबोरे बनवणारे शिकलगार घराण्यांचे, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारी गेल्या, तर यांनी भोपळे कोरायला घेतले. २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पहिली सितार मिरजेत झाली असे तिथला एकही कारागीर म्हणत नाही, त्याला गरजही वाटत नाही.

अमरावतीकरांनी तर यात बोलूच नये. गझलेच्या बाबतीत अमरावती म्हणजे बर्लिन. गझल अरबीतून निघाली, फारसीत वाढली, उर्दूत तिचे घर झाले आणि मराठीत तिला आणणारे बरेच असले तरी तिला मराठीचे पाणी पाजले ते अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांनी. 'रंग माझा वेगळा', 'एल्गार' ही नावे वाचकांना सांगायला नकोत. आज मराठी गझल लिहिणाऱ्या पोरांना पहिले नाव विचारा, ते भटांचे घेतील. मीर-गालिबचे नाव आपण सांगावे लागते. यात भटांचा काही दोष नाही, ते स्वतः उर्दूचे देणे मानत. पण डेट्रॉईटवाल्यांना बर्लिन पाहून काय वाटत असेल, हे कळायला आम्हाला फार लांब जावे लागले नाही. भटांची गझल आम्हाला आमची वाटते. आणि कुणी तिला 'शुद्ध मराठी काव्यप्रकार' म्हटले की घशात काहीतरी अडकते, हेही खरे. दोन्ही एकाच वेळी वाटते. पुतण्याला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला.

मुंबईचा दावा आम्हाला पटत नाही, डेट्रॉईटचा पटतो. पण भाच्याला चरणजित सिंगांचा अभिमान वाटतो यात वावगे काही दिसत नाही. फक्त तो अभिमान बुजुर्गांपुढे प्रमाणपत्र म्हणून न्यायचा असेल, तर तो चालायचा नाही. उद्या कुणी नागोयाचा दाखला काढला की बेंजोही जाईल, पेटीही जाईल. मग संदलला काय, नुसत्या टाळ्या?

खालूंचे मत वेगळेच. गच्चीवर तीन रात्री हा वाद ऐकून शेवटी ते म्हणाले, "राजेहो, कोनं आधी केलं ते कायले पुसता? बेंजो पार्टीत आमी नऊ जन होतो. नऊ घरं चालत होती. आता एक गाडी अन् दोन पोट्टे. ते सात जन कुटी गेले ते पुसा ना." भाच्याने मान खाली घातली. नऊपैकी एक जण अकोल्यात ऑटो चालवतो, दोघे हमाली करत होते, एक वारला. ताशावाला मूर्तिजापूरला मुलाकडे आहे. मुंबईच्या स्टुडिओंचेही तेच झाले. ज्या यंत्रांनी चरणजित सिंगांना एकट्याने अख्खी रेकॉर्ड करू दिली, त्याच जातीच्या यंत्रांनी पुढे सिनेमाचे मोठे वाद्यवृंद रिकामे केले. डेट्रॉईटच्या पोरांनी कारखान्यातल्या यंत्राचा ठोका उचलून गाणे केले, ते त्यांच्या बापांच्या नोकऱ्या खाणाऱ्या यंत्राचेच.

या बोलण्यातून एक गोष्ट झाली. भाच्याने खालूंचा बेंजो माळ्यावरून काढला. दोन बटणांच्या स्प्रिंगा गेल्या होत्या, तारा गंजल्या होत्या. दुरुस्ती अकोल्यात कुणी करेना. शेवटी एका टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने स्प्रिंगा बसवून दिल्या. बेंजोला पिकअप लावून तो भाच्याच्या मिक्सरला जोडला. आता शुक्रवारी असरनंतर दोघे बसतात. भाचा मालकंसाखाली तो ठोका लावतो, आवाज ५५ च्या आसपास ठेवतो (शेजारी हाजीसाहेब आहेत), आणि खालू वर वाजवतात. पुतण्याने फोनवर ऐकून सांगितले की हे टेक्नो नाही. खालू म्हणाले, मालकंसही नाही.

बाळापूरच्या एका वलीम्याचे बोलावणे आहे. बुजुर्गांचा निर्णय तिथे लागू नाही. खालूंनी निम्मे पैसे मागितले आहेत. गाडी, जनरेटर आणि कर्जाचा हप्ता आपला, म्हणून तिसरा हिस्सा, असे भाच्याचे म्हणणे. बोलणी चालू आहेत.